शेऱ्याचा रकाना

७८६
बर दुबई
ता. १२ नोव्हेंबर १९६६

ती. अब्बा यांस,
सायराचा सलाम. वि. वि.

तुमचं पत्र बुधवारी मिळालं. हव्वाबी फूफीच्या गुडघ्याची सूज उतरली हे वाचून बरं वाटलं. इथे नूरुद्दीन भाईजान, रुकय्या भाबी आणि मुलं खुशाल आहेत. हॉस्पिटलमध्ये नवीन एक्स-रे मशीन आलं आहे. जुन्यापेक्षा कमी वेळ लागतो. माणसाला श्वास धरून फार उभं राहावं लागत नाही.

आता तुम्ही ज्याची वाट बघत आहात ते. हिवाळ्यातली पहिली मॅच काल झाली. सोबत कागद जोडला आहे. तुम्ही बंदरावर मालाच्या मोजदादीला आखायचात तसाच आखला आहे : नाव, ओव्हर, धावा, विकेटी, शेरा. तुम्ही पाठवलेली काथ्याची मॅट वाळूवर अंथरली. गलबतात ती कशाशेजारी ठेवली होती ते विचारायला नको, अजून सुक्या बांगड्याचा वास येतो. चेंडू मात्र चांगला उसळतो.

आपल्या शौकतने नऊ ओव्हर टाकल्या, बावीस धावा देऊन चार विकेटी काढल्या. भाईजाननी कॅप्टन असून दोन कॅच सोडले. शेऱ्यात ते लिहू नकोस असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. मी लिहिलं. घरी आल्यावर भाबीने मला चहा दिला, पण साखर घातली नाही.

शौकत जरा वाळला आहे. भाबी देऱ्यातल्या कंपनीच्या मेसला दोष देते. तिथे तो गच्चीवरच्या खोलीत एकटा राहतो, इकडे खाडी ओलांडून फक्त शुक्रवारी येतो.

साजिदाला सांगावं की तिने मागितलेलं कापड घेतलं आहे. लोभ आहेच, तो तसाच राहू द्यावा.

तुमची
सायरा

---

७८६
दाभोळ
ता. २१ नोव्हेंबर १९६६

चि. सायरा हीस,
अब्बाच्या अनेक दुआ. वि. वि.

तुझा कागद आला आणि अलीमियाँ टेलरच्या दुकानात दोन दिवस कोणाचा सदरा शिवून झाला नाही. कागद मी स्वतः वाचून दाखवला. नूरुद्दीनच्या दोन कॅचचा शेरा दोनदा वाचायला लावला. तू लिहिलंस ते बरोबर केलंस गो पोरी. भाबीच्या साखरेची काळजी करू नकोस.

अलीमियाँचं म्हणणं, यंदाच्या अदलाबदलीत काही करून देऱ्याचा गनी आपल्याकडे आणा. एकटा बारा-बारा ओव्हर टाकतो, थकत नाही, बैल आहे. त्याच्या बदल्यात कोण द्यायचा यावर मात्र दुकानात दोन तट पडले. एक म्हणतो आपला विकेटकीपर द्या, दुसरा म्हणतो विकेटकीपर दिला तर मागे काय जाळं लावणार? दाराआड बसून तुझी फूफी म्हणाली की गनीसाठी दोन माणसं द्या आणि तो नूरुद्दीनही द्या. तिला पाच वर्षांपूर्वीचं अजून लागलेलं आहे.

तेव्हा तू मुंबईला शिकत होतीस म्हणून सांगतो. त्या साली देऱ्याची टीम सगळा हिवाळा जिंकली आणि बर दुबईची आपली माणसं त्यांच्याकडे ईदच्या जेवणाला गेली नाहीत. दोन्हीकडे गावचीच माणसं आणि शिरखुर्मा भांड्यात तसाच. म्हणून ठरलं की दरसाल रमजान ईदनंतर एकास एक माणूस बदलायचा. दोन्ही कॅप्टनांचं जमेना, तेव्हा निवड माझ्यावर टाकली. मी हजार मैलांवर. मला कोणाचं तोंड दिसत नाही, फक्त दोन्हीकडचे कागद दिसतात. पहिल्याच साली मी तुझ्या फूफीचा मुलगा देऱ्याला दिला. ती महिनाभर माझ्याशी बोलली नाही. पण माझ्या पत्रावर आजवर कोणी अपील केलेलं नाही.

शौकत वाळला तर वाळू दे, जास्त पळेल.

आता महत्त्वाचं. साजिदाचं जमलं. गुरुवार, २ मार्च ठरला. माणसं चांगली. फक्त मुलाच्या बापाने दोनदा विचारलं की तुमच्या घरात आणखी कोणाच्या छातीला काही आहे का. तुझी आई बदरुन्निसा कशाने गेली हे त्यांना कोणीतरी सांगितलेलं दिसतं. मी सांगितलं, तिच्यानंतर कोणी नाही. साजिदा आत ऐकत होती. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

कागद वेळेवर पाठवत जा. दुआ तुझ्याबरोबर आहेतच.

तुझा अब्बा
खैरुद्दीन

---

देरा
ता. १ डिसेंबर १९६६

आपास,
शौकतचा सलाम.

हे पत्र खाडीत अब्रा होडी चालवणाऱ्या करीमकडे देतो आहे. तुझ्याच हातात द्यायला सांगितलं आहे. समोर बोललो असतो, पण भाबीच्या घरात भिंतींनाही मुलं आहेत.

मंगळवारी तू मला मशीनसमोर उभं केलंस आणि श्वास घ्या, धरा, असं म्हणालीस. सगळ्यांना म्हणतेस तसंच, अहोजाहो करून. मला हसू येत होतं. मग तू एक्स-रेची ओली काच दिव्यासमोर धरलीस आणि माझ्याकडे बघितलंच नाहीस. तेव्हाच मला कळलं. डॉक्टरने नंतर सांगितलं ते नुसतं नाव होतं.

अब्बांना लिहू नकोस. भाईजानना सांगू नकोस, ते भाबीला सांगतील आणि पुढच्या टपालाला दाभोळ. साजिदाचं २ मार्चला होऊ दे. ३ मार्चला मी स्वतः अब्बांना लिहीन आणि बोटीत बसेन. तीन महिने, आपा. औषध चालू आहेच.

खेळणं एकदम सोडलं तर शंभर जण का म्हणून विचारतील. म्हणून खेळतो, पण कमी. किती ते तू ठरव. तू ठरवलेलं मी मोडणार नाही.

एक सांगतो, हसू नकोस. आठवडाभर मी गोदामात पेट्या मोजतो. शुक्रवारी हातात चेंडू आला की वाटतं, आज कोणीतरी मला मोजतंय. ते अब्बा असतात. बाकी सगळं घे, हे घेऊ नकोस.

तुझा
शौकत

---

बर दुबई
ता. १ डिसेंबर, संध्याकाळ

चि. शौकत यास,
सलाम.

करीम थांबला आहे, म्हणून थोडक्यात.

उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात सावली आहे. मध्ये एक पोकळी आहे, अंदाजे दोन सेंटिमीटर. डॉक्टरांनी सहा महिने विश्रांती सांगितली आहे. इंजेक्शन रोज संध्याकाळी साडेपाचला. गोळ्या चुकवायच्या नाहीत. ताटवाटी वेगळी ठेव. भाबीकडे जेवायला येणं बंद कर. मुलं लहान आहेत. कारण तुला सुचेल ते सांग.

तीन ओव्हर. अठरा चेंडू. हे मी डॉक्टरांना विचारलेलं नाही, कारण विचारलं असतं तर उत्तर शून्य आलं असतं. मी नेहमीसारखी काळी छत्री घेऊन बसेन. तिसरी ओव्हर संपली की छत्री मिटेन. तेव्हा चेंडू भाईजानच्या हातात द्यायचा.

अब्बांना मी खोटं लिहिणार नाही. शेऱ्याचा रकाना मोकळा ठेवीन. अब्बा मोकळ्या रकान्याचा अर्थ काय घेतात ते आपल्या दोघांना माहीत आहे. त्यांनीच शिकवलं : शेरा नाही म्हणजे माल शाबूत. तेव्हा हे खोटंच आहे, फक्त माझ्या अक्षरात नाही.

३ मार्च. त्यापुढे एक दिवस नाही.

सायरा

---

७८६
दाभोळ
ता. २२ डिसेंबर १९६६

चि. सायरा हीस,
अब्बाच्या दुआ. वि. वि.

रोजे सुरू आहेत, आठव्या रोज्याला तुझे दोन कागद एकदम मिळाले. २ तारखेची मॅच : शौकत, तीन ओव्हर, सात धावा, दोन विकेटी. ९ तारखेची : तीन ओव्हर, पाच धावा, एक विकेट. हे काय आहे? सात धावांत दोन विकेटी काढणाऱ्या बोलरला कोणता कॅप्टन तीन ओव्हरनंतर बसवतो? मी नूरुद्दीनला खरमरीत लिहिणार होतो. पण त्याचं पत्र तुझ्या कागदाबरोबरच आलं. तो म्हणतो मी बसवत नाही, तिसरी ओव्हर संपली की शौकत स्वतः चेंडू माझ्या हातात ठेवतो, खलास म्हणतो आणि बाऊंड्रीवर जाऊन उभा राहतो. भाबीच्या घरी जेवायलाही येत नाही म्हणे. मेसचं बिर्याणीचं जेवण सोडवत नाही, असं तोंडावर सांगितलं. रुकय्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुकानात इफ्तारनंतर दुसरा विषय नाही. अलीमियाँ म्हणतो पोरगा साहेब झाला. दुसरा म्हणतो देऱ्याने त्याला फितवलाय, अदलाबदलीत तिकडे जायचं म्हणून मुद्दाम कमी टाकतो. फूफी म्हणते खांदा दुखत असेल. मी तिला कागद दाखवला. खांदा दुखत असता तर सायराने शेऱ्यात लिहिलं असतं. नूरुद्दीनचे कॅच तिने सोडले नाहीत, ती खांदा सोडेल? रकाना मोकळा आहे. म्हणजे अंगात काही नाही, जे आहे ते डोक्यात आहे.

चाळीस वर्षं बंदरावर काढली मी. पेटी फुटली तर चालते, तसा शेरा मारून पुढे पाठवतात. पण शाबूत पेटी जागची हलत नसेल तर तिचं काय करायचं?

त्याला विचार आणि मला लिही. ईदच्या दुआ आगाऊ.

तुझा अब्बा
खैरुद्दीन

---

७८६
बर दुबई
ता. १५ जानेवारी १९६७

ती. अब्बा यांस,
सायराचा सलाम आणि ईद मुबारक. वि. वि.

ईद चांगली झाली. दुसऱ्या दिवशी मॅच झाली, कागद सोबत आहे. शौकत : तीन ओव्हर, सहा धावा, दोन विकेटी.

तुम्ही त्याला विचार म्हणून लिहिलंत. तो बरा आहे किंवा नाही याबद्दल मी काही लिहीत नाही. आकड्यांबद्दल लिहिते. गेल्या तीन मॅचमध्ये शौकतने नऊ ओव्हरमध्ये अठरा धावा देऊन पाच विकेटी काढल्या. एका विकेटला चार धावासुद्धा पडत नाहीत. गनीने त्याच तीन शुक्रवारांत छत्तीस ओव्हर टाकून सत्त्याण्णव धावा दिल्या आणि आठ विकेटी घेतल्या. एका विकेटला बारापेक्षा जास्त पडतात. कमी वापरलेला बोलर वाईट ठरत नाही. तुम्ही अदलाबदलीचा विचार कराल तेव्हा हा हिशेब जवळ ठेवावा.

अब्बा, मी आजवर निवडीबद्दल तुम्हाला कधी काही सुचवलेलं नाही. या वेळी सुचवते. शौकतला आमच्याकडेच ठेवा. कारण विचारू नका. मार्चमध्ये सांगेन.

साजिदाचं कापड गावच्या माणसाबरोबर पाठवलं आहे. जांभळा रंग मिळाला नाही, त्याच्या जवळचा घेतला.

आठवण ठेवावी.

तुमची
सायरा

---

७८६
दाभोळ
ता. २४ जानेवारी १९६७

चि. सायरा हीस,
अब्बाच्या दुआ. वि. वि.

कापड पोचलं. साजिदा आरशासमोरून उठत नाही.

तुझा हिशेब मी चार वेळा तपासला. बरोबर आहे. पण मॅच चाळीस ओव्हरची असते गो. शौकत तीन टाकून बाऊंड्रीवर उभा राहिला की उरलेल्या कोण टाकणार, तुझी फूफी? आणि तू शेवटी जे लिहिलंस त्याने मला वाईट वाटलं. शौकतला ठेवा, कारण विचारू नका. पाच वर्षांत माझ्याकडे असं एकही पत्र आलं नव्हतं. मी बहिणीच्या मुलाला सोडलं नाही आणि आता स्वतःच्या मुलासाठी, स्वतःच्या मुलीच्या चिठ्ठीवरून, कागद बाजूला ठेवू? मग अलीमियाँच्या दुकानात मी कोणत्या तोंडाने बसू?

या पत्राबरोबर बंद पाकीट आहे. ते दोन्ही टीमसमोर फोडावं. आत काय आहे ते तुला सांगून ठेवतो, म्हणजे समोर धक्का नको. गनी बर दुबईला. शौकत देऱ्याला.

मी रागाने केलेलं नाही. देऱ्याला गेला तर कोणीतरी त्याच्याकडून काम करून घेईल. इथे भाऊ कॅप्टन, बहीण कागदावर. लाडात पोरगा नासतो आहे. त्याला सांग, अब्बा म्हणाले, मला नऊ ओव्हर टाकून दाखव.

दुआ आहेतच. रागावू नकोस.

तुझा अब्बा
खैरुद्दीन

---

देरा
ता. ४ फेब्रुवारी १९६७

आपास,
शौकतचा सलाम.

काल भाईजाननी पाकीट फोडून वाचलं तेव्हा तू शिरखुर्म्याच्या वाट्या मोजत होतीस. सगळ्यांना वाटलं तुला काही पडलेलंच नाही. मला माहीत आहे. तू त्याच वाट्या तीनदा मोजल्यास.

अब्बांचं चुकलं नाही. तेच कागद माझ्यापुढे असते तर मीही असाच शौकत काढून टाकला असता. देऱ्याचे कॅप्टन कासमभाई माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, यल्ला, चल, आता बहाणे बंद, किती टाकशील? मी म्हणालो, द्याल तितक्या.

येत्या शुक्रवारी तुमच्याशीच मॅच आहे. दोन्हीकडचे कागद लिहिणारे एकाच टेबलावर बसतात, म्हणजे तू असशील. आपा, त्या दिवशी छत्री मिटू नकोस. अब्बांनी नऊ मागितल्या आहेत. एकदाच. मग २ मार्चपर्यंत चेंडूला हात लावणार नाही, कासमभाईंना खांद्याचं सांगेन. वजन एक किलो वाढलं आहे, खोकला कमी आहे, तू स्वतःच सोमवारी म्हणालीस.

माझ्यावर चिडू नकोस. चिडायचंच तर शनिवारी चिड.

तुझा
शौकत

---

७८६
बर दुबई
ता. ११ फेब्रुवारी १९६७

ती. अब्बा यांस,
सायराचा सलाम. वि. वि.

कालच्या मॅचचा कागद सोबत आहे. देरा जिंकला. शौकत : नऊ ओव्हर, त्यातल्या दोन मेडन, एकोणीस धावा, सहा विकेटी. भाईजानचा मधला स्टंप पडला.

आज जास्त लिहायला वेळ नाही. मला देऱ्याला जायचं आहे.

तुमची
सायरा

---

७८६
दाभोळ
ता. १८ फेब्रुवारी १९६७

चि. सायरा हीस,
अब्बाच्या हजार दुआ. वि. वि.

तुझा कागद आज अकराच्या टपालाने आला आणि मी चपला न घालता अलीमियाँकडे गेलो. नऊ ओव्हर! सहा विकेटी! नूरुद्दीनचा मधला स्टंप! अलीमियाँने कात्री खाली ठेवली आणि पाच मिनिटं काही बोलला नाही, हे गावाच्या आठवणीत पहिल्यांदाच. फूफी दाराआडून म्हणाली, माझ्या मुलाला दिलंत तेव्हाही असंच झालं असतं, त्याला खेळता येत नव्हतं एवढंच.

बघितलंस? अंगात काही नव्हतं. थोडा चटका लागत होता, तो मी दिला. बाप असून दिला. पण आता खरं सांगतो, ज्या दिवशी ते पाकीट टपालात टाकलं त्या दिवसापासून मला जेवण गोड लागत नव्हतं.

दोन्ही कॅप्टनांना मी लिहितो आहे की पुढच्या साली शौकत परत बर दुबईला. गनीही ठेवा, बदल्यात नूरुद्दीन घ्या! त्याला हे वाचून दाखव. आणि शौकतला सांग, कागद मी उशाखाली ठेवलेला आहे. त्याने एक ओळ स्वतःच्या हाताने लिहावी. तीन महिन्यांत त्याची एक ओळ नाही.

लग्नाचा मांडव बुधवारी पडेल. तुम्ही तिघं इथे नाही एवढीच खोट. सगळ्यांना दुआ.

तुझा अब्बा
खैरुद्दीन

---

७८६
बर दुबई
ता. १ मार्च १९६७

ती. अब्बा यांस,
सायराचा सलाम.

भाईजाननी २० तारखेला केलेली तार तुम्हाला मिळाली असेल. तुमचं १८ तारखेचं पत्र इथे २६ ला आलं. ते मी उघडलं, कारण त्यावर माझं नाव होतं.

तारेत फक्त गेला एवढंच होतं. बाकीचं मी लिहिते.

शौकतला टीबी होता. २९ नोव्हेंबरला मीच त्याची काच काढली, म्हणजे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. साजिदाचं लग्न होईपर्यंत तुम्हाला कळू द्यायचं नाही असं त्याने मागितलं आणि मी कबूल केलं. त्याने फक्त अठरा चेंडू टाकायचे हे मी ठरवलं होतं. तीन ओव्हर झाल्या की मी छत्री मिटायची, ती आमची खूण होती. तो साहेब झाला नव्हता. त्याला कोणी फितवलं नव्हतं. भाबीकडे जेवायला येऊ नकोस असंही मीच सांगितलं होतं.

१० तारखेला त्याने मला छत्री मिटू नकोस असं कळवलं होतं. तिसरी ओव्हर संपली तेव्हा मी मिटली. त्याने माझ्या बाजूला बघितलं नाही. मी ती पुन्हा उघडली नाही. पुढचे छत्तीस चेंडू मी उन्हात बसून लिहिले. उठून मैदानात जाता आलं असतं. टेबलापासून पीचपर्यंत साठ-सत्तर पावलं असतील. मी गेले नाही, कारण गेले असते तर सगळ्यांना कळलं असतं, आणि साजिदाच्या लग्नाला वीस दिवस उरले होते. आणि कारण तो फार चांगलं टाकत होता.

शनिवारी त्याला रक्ताची उलटी झाली. रविवारी मी दुसरी काच काढली. पोकळी मोठी झाली होती. सोमवारी तो माझ्याच हॉस्पिटलमध्ये दाखल झाला. २० तारखेला सकाळी दहाच्या सुमारास पुन्हा रक्त आलं, ते थांबलं नाही. भाईजान आणि मी जवळ होतो. दुपारी दफन झालं. दोन्ही टीमची माणसं आली होती. गनीने खांदा दिला.

डॉक्टर म्हणतात, त्या नऊ ओव्हरमुळेच झालं असं सांगता येणार नाही. तसं ते लिहूनही देणार नाहीत. मीही कागदावर तसं लिहू शकत नाही. पण त्या नसत्या तर काय झालं असतं, ते मी रोज मांडते आणि उत्तर एकच येतं.

तुमची निवड चुकली असं समजू नका. तुमच्यापुढे कागद होता आणि कागद माझा होता. मोकळ्या रकान्याचा अर्थ तुम्ही काय घ्याल हे मला माहीत होतं. माहीत असून मी तो मोकळा ठेवला.

उद्या साजिदाची तारीख आहे. काय झालं ते कळवावं. लोभ मागायला मला तोंड नाही.

सायरा

---

७८६
दाभोळ
ता. १२ मार्च १९६७

चि. सायरा हीस,
अब्बाच्या दुआ.

उत्तराला उशीर झाला.

साजिदाचा निकाह ठरल्या दिवशी झाला. मांडव घातला नाही, दहा माणसं होती. तार आल्यावर मुलाचा बाप स्वतः आला. पोरगा कशाने गेला ते त्याने विचारलं. मला तेव्हा माहीत नव्हतं, तसं मी सांगितलं. तुझं पत्र आल्यावर मी त्यांच्या घरी गेलो आणि ते त्यांच्यापुढे वाचलं. त्याने उठून दार लोटून घेतलं. मग म्हणाला, मी विचारलं होतं ते माझ्या भावासाठी. त्याची छाती दोन वर्षं बिघडली आहे. तुमच्या घरात कोणी बरं झालं असेल तर डॉक्टरचं नाव मिळेल म्हणून विचारलं होतं. लाज वाटली म्हणून सरळ विचारता आलं नाही.

हे तुला लिहावं की नाही याचा मी खूप विचार केला. मग ठरवलं की या घरात आता काही मोकळं सोडायचं नाही.

अलीमियाँ रोज येतो. ओटीवर बसतो आणि जातो. फूफीने शौकतचा लहानपणचा एक सदरा काढला आहे, तो पुन्हा पुन्हा धुते.

दोन्ही कॅप्टनांना कळवलं आहे की यापुढची निवड माझ्याकडे पाठवू नका. तोंड बघून निवडणारा माणूस ठेवा. तोंड दिसत नाही याचा मला पाच वर्षं अभिमान होता.

तुझे सगळे कागद मी पुन्हा लावले. शेवटच्या कागदावर शौकतच्या नावापुढे शेऱ्याचा रकाना मोकळा आहे. मी तीन दिवस पेन्सिल घेऊन बसलो. काही लिहिलं नाही. ते माझ्याच्याने होणार नाही, आणि तूही लिहू नकोस. तो तसाच राहू दे.

पण एक लिही. तीन महिने तू त्याच्याजवळ होतीस. रोज संध्याकाळी. तुझी स्वतःची काच काढलीस का? काढली नसशील तर काढ. काय दिसलं ते मला कळव. आणि गो पोरी, नुसती काच नको. काच काढून झाल्यावर जे उरतं तेही लिही. मोकळं सोडू नकोस. मोकळं मी पुन्हा चुकीचं वाचीन.

तुझा अब्बा
खैरुद्दीन

---

७८६
बर दुबई
ता. २३ मार्च १९६७

ती. अब्बा यांस,
सायराचा सलाम. वि. वि.

तुमचं पत्र काल मिळालं. आज सकाळी काच काढली. मशीन मीच लावलं, बटण सिस्टरने दाबलं. श्वास घ्या, धरा, असं तिला म्हणता येईना, म्हणून ते मीच म्हणाले.

नाव : सायरा खैरुद्दीन. वय : २६. उजवं फुप्फुस : साफ. डावं फुप्फुस : साफ. डॉक्टरांनीही काच पाहिली आणि खाली सही केली.

शेरा : मी बरी नाही, अब्बा.

तुमची
सायरा